दिनविशेषाचा फळा लिहायला घेताय? पुण्यातल्या नवख्यांसाठी

पुण्यात फळा कुठे ना कुठे असतोच. पेठेतल्या वाचनालयाच्या दारात, शाळेच्या जिन्यापाशी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत, हल्ली सोसायटीच्या वाहनतळातसुद्धा. त्यावर रोज ‘आजचा दिनविशेष’ लिहायचं काम बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवीन माणसाकडे येतं. तुमच्याकडे ते आलं असेल, तर काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्या.

सगळ्यात आधी एक मोह टाळा. मोबाइल उघडायचा, तयार यादी काढायची, त्यातल्या दहा ओळी उतरवायच्या आणि खडू ठेवून द्यायचा, हा तो मोह. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीतली चूक सगळ्यांत फिरते. शिवाय दहा ओळी वाचून माणसाच्या हाती काहीच लागत नाही. फळ्यासमोर माणूस अर्धा मिनिट थांबतो. तेवढ्यात त्याला खऱ्या आणि तपासलेल्या दोन-तीन गोष्टी मिळाव्यात, आणि त्यांतली निदान एक अशी असावी की संध्याकाळी चालत जाऊन ती जागा बघता येईल. पुण्यात हे जमतं, कारण इथे तारखांना पत्ते आहेत.

पहिली पायरी: वही

दोन लांब वह्या घ्या. एका तारखेला एक पान, म्हणजे ३६६ पानं. २९ फेब्रुवारीचं पान सोडू नका. मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) या दोघांचाही जन्म त्या तारखेचा आहे. प्रत्येक पानावर घटना, जन्म आणि मृत्यू असे तीन भाग पाडा. नोंद करताना चार गोष्टी लिहायच्या: साल, काय झालं, कुठे झालं आणि ही माहिती कुठून घेतली. चौथी गोष्ट फळ्यावर जात नाही, पण तीच सगळ्यात महत्त्वाची. कोणीतरी नेहमीचे वाचक येऊन “कशावरून?” असं विचारणारच. तो प्रश्न फार चांगला असतो. अशा वेळी वही उघडून दाखवता आली पाहिजे.

३६६ पानं एका दमात भरायला बसू नका. आधी शहराच्या ठळक तारखा टाका: ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१, फर्ग्युसन महाविद्यालय २ जानेवारी १८८५, भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१०, भांडारकर संस्था ६ जुलै १९१७, पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९, महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५०. भांडारकर संस्थेची तारीख लिहिताना त्याच पानावर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्मही लिहा, ६ जुलै १८३७. त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी संस्था स्थापन झाली. एवढं कळलं की ती तारीख पुन्हा विसरत नाही.

दुसरी पायरी: एका पानावर भेटणारी माणसं

हे काम आवडायला लागतं ते इथे. वही थोडी भरली की काही पानांवर माणसं एकमेकांना भेटायला लागतात, आणि या भेटी कुठल्याही तयार यादीत नीट मांडलेल्या नसतात.

१ ऑगस्ट १९२० घ्या. ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचं निधन झालं. त्याच तारखेला, त्याच साली, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठ्यांचा जन्म झाला. पुण्यात टिळकांची पुण्यतिथी पाळणारा वर्ग वेगळा आणि अण्णाभाऊंची जयंती करणारा वर्ग वेगळा, हे आपण बघतो. तुमच्या फळ्यावर दोघं एकाखाली एक, सारख्याच आकाराच्या अक्षरात आले पाहिजेत. एकाला मथळा आणि दुसऱ्याला कोपरा, असं अजिबात करू नका.

२४ सप्टेंबरच्या पानाला माझ्या लेखी फार मोल आहे. १८७३ साली याच तारखेला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. १९३२ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. सह्या करणाऱ्यांत बाबासाहेब आंबेडकर आणि मदनमोहन मालवीय होते. गांधीजींचं उपोषण २० तारखेला सुरू झालं होतं आणि ते २६ तारखेला सुटलं. मध्ये एकोणसाठ वर्षं, दोन्ही घटना याच गावातल्या, आणि दोन्हींच्या मुळाशी जातीचाच प्रश्न. दोन ओळींत हे फळ्यावर मावतं आणि वाचणारा त्यावर दिवसभर विचार करू शकतो.

आणखी काही पानं सांगतो. १८ एप्रिल: १८५८ साली महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा जन्म, १८९८ साली दामोदर चाफेकरांना येरवड्यात फाशी. म्हणजे चाफेकरांना फाशी झाली त्या दिवशी कर्वे चाळीस वर्षांचे झाले. २६ जून: १८७४ साली राजर्षी शाहूंचा जन्म, १८८८ साली बालगंधर्वांचा जन्म, आणि १९६८ साली जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन. १० मार्च: १८९७ साली प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंचं निधन, १९९९ साली कुसुमाग्रजांचं. १२ जून: १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, २००० साली पु. ल. देशपांडे गेले, दोन्ही पुण्यात. आणि १९ फेब्रुवारी म्हटलं की सगळ्यांना शिवजयंती आठवते, पण १९१५ साली गोखल्यांचं निधन त्याच तारखेला पुण्यात झालं, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

असं पान सापडलं की लगेच ओढूनताणून अर्थ लावू नका. एका तारखेला दोन गोष्टी घडणं हा योगायोग आहे. त्या शेजारी ठेवाव्यात आणि बाकीचं वाचणाऱ्यावर सोडावं.

तिसरी पायरी: तारीख कुठल्या कालगणनेतली?

नवखे इथे हमखास अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शनिवारवाड्याचं उदाहरण हातात वही घेऊन करून बघा. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली, असं सगळीकडे छापलेलं असतं. दोन्ही दिवशी शनिवार होता, असंही सांगतात. आता मोबाइलच्या दिनदर्शिकेत १० जानेवारी १७३० शोधा. मंगळवार दिसेल. मग शनिवारची गोष्ट खोटी का? नाही. मोबाइल आजची ग्रेगोरियन कालगणना सरळ मागे नेतो. इंग्रजांनी मात्र १७५२ च्या सप्टेंबरपर्यंत जुनी, ज्यूलियन कालगणना वापरली. त्या महिन्यात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. आपल्या इतिहासातल्या १७५२ आधीच्या बऱ्याच प्रचलित इंग्रजी तारखा या जुन्या पद्धतीच्या आहेत. १७३० साली दोन्ही पद्धतींत ११ दिवसांचा फरक होता. म्हणून जुनी १० जानेवारी म्हणजे नवी २१ जानेवारी, आणि २१ जानेवारी १७३० ला मोबाइलही शनिवारच दाखवतो. आता २२ जानेवारी १७३२ मध्ये ११ दिवस मिळवा. २ फेब्रुवारी येते, तोही शनिवार. दोन्ही तारखा एकाच हिशेबात बसल्या, म्हणजे त्या एकाच पद्धतीने काढलेल्या आहेत. वार जुळवून बघणं ही तारीख तपासायची सोपी आणि पक्की रीत आहे, आणि वहीच्या समासात पाच मिनिटांत होते.

शिवकाळात हा फरक १० दिवसांचा होता. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार जुन्या नोंदींत, शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. जुन्या पद्धतीने ती १९ फेब्रुवारी १६३० येते आणि नव्या पद्धतीने १ मार्च. दोन्हीकडे वार शुक्रवारच. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुनीच. ती नव्या पद्धतीने १६ जून होते. फळ्यावर लोकांच्या ओळखीची तारीख ठेवा आणि खाली तिथी लिहा: ‘शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी’. महाराजांची जयंती तिथीने करणारेही पुण्यात पुष्कळ आहेत. दोन्ही दिल्या की कोणाचाच अनादर होत नाही आणि नोंदही पूर्ण होते. मात्र एका फळ्यावर एक तारीख जुन्या पद्धतीची आणि दुसरी नव्या, अशी सरमिसळ करू नका.

शकाचं इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १५५१ चा फाल्गुन म्हणून १६३०. शके १६८२ चा पौष म्हणून १७६१, पानिपत.

पानिपतचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, ही तारीख बरोबर आहे आणि १७५२ नंतरची असल्यामुळे नव्या पद्धतीचीच आहे. पण ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’ असं जे जोडलं जातं ते फळ्यावर लिहू नका. संक्रांत आज १४-१५ तारखेला येते, तेव्हा तशी येत नव्हती. ती हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती १० तारखेच्या आसपास यायची. पानिपतचं दुःख मोठं आहेच, त्याला संक्रांतीची जोड लागत नाही.

चौथी पायरी: जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि नावं

मृत्यूची तारीख जन्मतारखेपेक्षा भरवशाची असते. माणूस जन्मतो तेव्हा त्याला कोणी ओळखत नसतं. जातो तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणून आधुनिक काळातल्या माणसाच्या निधनाची तारीख वर्तमानपत्राच्या जुन्या अंकात बघावी आणि जन्माची चरित्राच्या पहिल्या प्रकरणात. खेड्यातून आलेल्या, मागच्या पिढीतल्या कोणाची जन्मतारीख १ जून दिसली तर थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ती तारीख असू शकते. आपल्या घराघरांत असे एक जूनवाले असतात. अशा वेळी कुटुंबाने किंवा संस्थेने मानलेली दुसरी तारीख आहे का, हे बघावं.

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्री उशिरा घडलेल्या घटनेची तिथी आणि तारीख जुळवताना हे विसरू नका. टिळकांचं निधन हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

पेशव्यांच्या घराण्यात नावं पुन्हा पुन्हा येतात. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले ते थोरले माधवराव. २७ ऑक्टोबर १७९५ ला गेले ते सवाई माधवराव. फळ्यावर नुसतं ‘माधवराव पेशवे’ लिहिलं तर अर्धे वाचक भलत्याच माणसाला नमस्कार करतील. बाजीरावांचंही तेच. १८ ऑगस्ट १७०० ला जन्मले ते थोरले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा गादीवर होते ते दुसरे.

पाचवी पायरी: नेमकं क्रियापद

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला. प्लेगचा अधिकारी रँड मात्र जखमी झाला आणि ३ जुलैला मेला. त्यामुळे २२ जूनच्या फळ्यावर ‘रँडवर हल्ला’ असं लिहायचं आणि ३ जुलैच्या पानावर त्याच्या मृत्यूची वेगळी नोंद करायची. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. तिथे ‘निधन’ लिहिणं म्हणजे घटना झाकणं. स्वातंत्र्यसैनिकाला झालेली फाशी ‘फाशी’ म्हणूनच लिहावी. हयात माणसाचा वाढदिवस असतो, जयंती नाही. ही चूक फळ्यावर झाली की ती वाचणाऱ्या घरच्यांना फार लागते.

सहावी पायरी: निवड आणि मांडणी

एक दिवस पूर्ण करून बघू. २७ फेब्रुवारी. वहीच्या पानावर समजा चार नोंदी आहेत: १८२८ साली शनिवारवाड्याला लागलेली आग, १९१२ साली कुसुमाग्रजांचा जन्म, १९३१ साली चंद्रशेखर आझादांचं अलाहाबादला हौतात्म्य, १९५६ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं निधन. फळ्यावर चारही मावतील, पण चारही नीट वाचल्या जाणार नाहीत.

मी तीन ठेवीन. कुसुमाग्रज आलेच पाहिजेत, हा दिवसच मराठी भाषा गौरव दिन आहे. पण ते नाशिकचे असं सगळे धरून चालतात, म्हणून ‘जन्म: पुणे’ हे ठळक लिहायचं. शनिवारवाड्याची आगही घ्यायची, कारण ती वाचून माणसाला तिथे जाऊन काहीतरी नवं दिसेल. आत गेल्यावर नुसती जोती का दिसतात, मजले कुठे गेले, याचं उत्तर त्या एका तारखेत आहे. लाकडी काम जळून गेलं, दगडी तट आणि दिल्ली दरवाजा राहिला. मावळंकर वहीत ठेवायचे आणि पुढच्या वर्षी घ्यायचे. मग फळा असा होतो:

२७ फेब्रुवारी – मराठी भाषा गौरव दिन
१८२८: शनिवारवाड्याला आग. वाडा सात दिवस जळत होता. आत आज फक्त जोती उरली आहेत ती यामुळे.
१९१२: वि. वा. शिरवाडकर ऊर्फ कुसुमाग्रज यांचा जन्म, पुणे.
१९३१: चंद्रशेखर आझाद यांचं हौतात्म्य, अलाहाबाद.

क्रम सालाप्रमाणे. मानाप्रमाणे लावायला गेलात की रोज वाद होईल, आणि तो वाद बरोबरच असेल.

लिहिण्याबद्दल थोडं. फळा आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही, आणि वाळल्यावर अक्षराचे डाग राहतात. साल पिवळ्या खडूने, मजकूर पांढऱ्याने. लाल आणि निळा लांबून दिसत नाहीत. सहा-सात ओळींच्या वर जाऊ नका. लिहून झालं की दोन पावलं मागे जाऊन मोठ्याने वाचा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेव्हाच सापडतात. नावांच्या बाबतीत विशेष जपा.

ऐकलेलं आणि वाचलेलं

१२ जुलैच्या फळ्याची वेगळी तयारी करा. १९६१ साली त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासल्याचं फुटलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. तो दिवस पाहिलेली माणसं आजही पेठांत आहेत. फळा वाचून ती थांबतात आणि बोलायला लागतात. पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोणाच्या माडीवर रात्र काढली, दुसऱ्या दिवशी चिखलात काय सापडलं, हे सगळं ती सांगतात. त्यांना बसवा, चहा द्या, ऐका आणि लिहून घ्या. हा मजकूर वहीत वेगळ्या पानावर जातो. वर ‘ऐकीव’ असं लिहा, आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तरच नाव घाला. घटनेची मुख्य ओळ मात्र छापील नोंदींवरूनच घ्यायची. मृतांच्या आकड्यांत नोंदीनोंदींत फरक आहे, तेव्हा आकड्याशिवाय लिहिलं तरी त्या ओळीचं गांभीर्य कमी होत नाही.

तपासायला पुण्यासारखी जागा नाही. विश्वकोश आणि चरित्रकोश बहुतेक मोठ्या वाचनालयांत असतात. शिवकाळ आणि पेशवाईबद्दल शंका असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारावं. प्रश्न नेमका न्या. ‘पेशव्यांबद्दल काही’ असं विचारलंत तर काही मिळणार नाही, ‘या घटनेची तिथी कुठे नोंदवली आहे’ असं विचारलंत तर वाट दाखवतील. एक नियम स्वतःला घालून घ्या: एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तारीख जुळल्याशिवाय ती फळ्यावर जाणार नाही. तोवर वहीत तिच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

काही दिवशी पान रिकामं असेल. त्या दिवशी एकच ओळ लिहा, किंवा त्या महिन्यातली एखादी संस्था, एखादा पूल, एखादा वाडा यांची माहिती द्या आणि वर ‘या महिन्यात’ असा मथळा घाला. काम दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली की खडूबरोबर दोन्ही वह्याही द्या, पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांसकट.